कोकणातल्या शाळेत प्रेस नाही, भट्टी नाही. तरी मुलांना छापचित्रं आणि मातीकाम कसं शिकवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या शाळेत पाचवी ते नववीला चित्रकला शिकवता, वर्गात चाळीस मुलं, छापायचा प्रेस नाही, भट्टी नाही, आणि दोन्ही गोष्टी याच वर्षी सुरू करायच्या आहेत. आधी काय घ्यावं?

आधी काय हे कोकणात हवा ठरवते. जूनमध्ये शाळा भरली की ठसे घ्या आणि माती दिवाळीच्या सुट्टीनंतर काढा. उलट केलंत तर जुलैत केलेली पणती गणपतीपर्यंत गालाला गारच लागेल, म्हणजे आतून ओलीच राहील, तिच्यावर बुरशी चढेल आणि आगीत घातली की फुटेल. छापाला पावसाचा त्रास एवढाच की कागद वाळायला वेळ लागतो.

पाचवी-सहावीला कोरायचं हत्यार देऊ नका. त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचा ठसा बरा. पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा घ्या. त्यावर सुतळी, झावळीचे हीर, कांद्याच्या पिशवीची जाळी, फणसाचं पान (पाठ वर करून, शिरा तिकडे उठून असतात) फेव्हिकॉलने चिकटवा. उंचीत दोन मिलिमीटरहून जास्त फरक नको. सुतळी जाड झाली की तिच्या दोन्ही बाजूंना रोलर पोचत नाही, तिथे पांढरे पट्टे राहतात आणि घासताना कागदही फाटतो. रात्रभर वाळवून वर लाखेच्या पॉलिशचा एक हात द्या, हे काम शिक्षकाने करायचं. पॉलिश न देता पाण्याची शाई लावली तर पुठ्ठा तिसऱ्या छापातच लगदा होतो. थर्माकोलच्या ताटल्या काही जण सुचवतील. त्यांच्यावर पेनाने रेघ छान उठते, पण महाराष्ट्रात त्यांच्यावर २०१८पासून बंदी आहे, तेव्हा पालकांना आणायला सांगू नका.

सातवीपासून लिनो, म्हणजे कोरून ठसा करायचं लिनोलियम. फ्लोअरिंगच्या दुकानात 'लिनोलियम' म्हणून देतात ते बहुतेक वेळा व्हिनाइल निघतं. त्याचा वरचा थर कडक असतो, हत्यार घसरतं, बोट कापतं. खऱ्या लिनोच्या पाठीला तागाचं अस्तर दिसतं. तो मुंबई-पुण्यातल्या चित्रकलेच्या दुकानांतून मागवावा लागतो. तीन मिलिमीटर जाडीचा, पंधरा बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा एका मुलाला पुरतो. कापण्याआधी पाच-दहा मिनिटं उन्हात ठेवला की मऊ पडतो. पावसात ऊन नसेल तर गरम पाण्याच्या बाटलीवर ठेवा.

जखमा होतात त्या जवळजवळ सगळ्या एकाच चुकीने: धरणारा हात पात्याच्या पुढे असतो. सुताराकडून फळ्या करून घ्या, पंचवीस बाय वीस सेंटीमीटरच्या. एका कडेला खालून पट्टी, समोरच्या कडेला वरून पट्टी. खालची पट्टी बाकाच्या कडेला अडकते, वरची लिनोला अडवते, मग पुढे हात धरायची गरजच उरत नाही. वळणावर हत्यार फिरवू नका, लिनो फिरवा. खोली दीड मिलिमीटर पुरे. अस्तर दिसलं म्हणजे जास्त खोदलं. आणि बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा जास्त कापतं, कारण मूल जोर लावतं. बारीक पॉलिश पेपरावर दर आठवड्याला धार करा.

विषय काय द्यावा हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मुलं अडकतात ती इथेच. खोदलेली रेघ छापात पांढरी येते, हे सांगून कळत नाही. तुमच्या जिल्ह्यात ते दाखवायला सड्यावरची (उघड्या कातळपठारावरची) कातळशिल्पं आहेत: उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवाचं गोठणं. उक्षीचा हत्ती पाहा. जांभ्यात (कोकणातल्या तांबड्या दगडात) बाह्यरेषा कोरलेली, बाकी दगड तसाच. लिनोवर हेच केलं तर काळ्या जमिनीवर पांढरी रेघ मिळते, आणि नवख्या मुलाला एवढं खोदकाम दोन तासिकांत जमतं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीतली (चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या लोककलेतली) ठसठशीत काळी रेघ हवी असेल तर रेघ सोडून आजूबाजूचं सगळं काढावं लागतं, म्हणजे काम कितीतरी पट वाढतं. म्हणून पहिल्या वर्षी कातळशिल्प, दुसऱ्या वर्षी चित्रकथी. सहल नेलीत तर शिल्पांवर कागद ठेवून घासू नका, खडूने रेघाही भरू नका. जांभा झिजतो. फोटो काढा आणि घासायचंच असेल तर शाळेच्या गडग्यावरचा (दगडी कुंपणावरचा) साधा चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड, घ्या.

नाव कोरताना ते उलटं कोरायचं हे सगळे विसरतात. बटर पेपरवर चित्र काढा, कागद पालथा करा आणि मग कार्बनने लिनोवर उतरवा. हा नियम पहिल्या दिवसापासून लावला की 'रमेश'चं 'शमेर' होत नाही.

शाई जुन्या फरशीच्या गुळगुळीत तुकड्यावर पसरा. पंधरा बाय दहाच्या ठशाला मटाराच्या दोन-तीन दाण्यांएवढी पुरते. रोलर उभा-आडवा फिरवत राहा. शाईचा आवाज आधी चिकट, पचपच येतो, मग तव्यावर थेंब उडाल्यासारखी बारीक चुरचुर ऐकू येते. तेव्हा ठशाला लावा, एका जाड थराऐवजी तीन पातळ. छापायला ऐंशी ते शंभर ग्रॅमचा कागद ठीक. ड्रॉइंग पेपर जाड असतो आणि हाताने दाबून त्यावर शाई नीट उतरत नाही. स्टीलच्या डावाची पाठ मधून कडांकडे गोल गोल घासा, एक कोपरा उचलून बघा, फिकट असेल तर परत टेकवा.

छाप बघून चूक ओळखायला मुलांनाच शिकवा. मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके म्हणजे शाई कमी किंवा दाब कमी. बारीक रेघा बुजल्या तर शाई जास्त. कडेला दुहेरी सावली आली तर कागद सरकला. पांढऱ्या जागेत तुटक काळ्या रेघा आल्या तर तिथे खोदकाम उथळ आहे. त्या थोड्या राहू द्याव्यात असं माझं मत आहे, त्यांनीच हाताचं काम दिसतं.

पाण्याची शाई मे महिन्यात फरशीवरच सुकते. चमच्याला दोन थेंब ग्लिसरीन घातलं तर थोडी टिकते. जुलैत उलट, छाप दोन दिवस ओला राहतो. वर्गात दोऱ्या बांधून चिमट्यांनी टांगा, गठ्ठा करू नका. छापखान्यातली तेलाची शाई स्वस्त पडते आणि रंग खोल येतो, पण पावसात तिला आठवडा लागतो. ती पुसायला रॉकेल मुलांच्या हातात नको. खोबरेल तेल आणि चिंधी, मग भांड्यांचा साबण. तेलाच्या शाईच्या चिंध्या बोळा करून खोक्यात टाकू नका, आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

चाळीस मुलांना एकदम छापायला बसवलंत तर कागद कमी आणि गणवेश जास्त छापून निघतील. आठजण छपाईच्या टेबलावर, बाकीचे कापायला. छपाईला जोड्या लावा: एकाचे शाईचे हात, दुसऱ्याचे स्वच्छ हात. स्वच्छ हातवालाच कागद उचलणार, दोन छापांनंतर अदलाबदल. दोन तासिका जोडून मिळाल्या नाहीत तर छपाई ठेवूच नका. आवरण्यातच वीस मिनिटं जातात.

मासळीचा ठसा हवा असेल, जपानी लोक त्याला ग्योताकू म्हणतात, तर तो मासेमारीची बंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये घ्या. पापलेट चपटं म्हणून सगळ्यांना सोपं वाटतं, पण त्याचे खवले इतके बारीक की छापात नुसता त्रिकोण दिसतो. तांबोशी घ्या. मिठाने चोळून बुळबुळीतपणा घालवा, कल्ल्यांत कापूस भरा, पुसून कोरडा करा, शाई ब्रशने पातळ लावा आणि मऊ कागद बोटांनी दाबा. बोंबील विसरा. ज्या मुलांना मासळी चालत नाही त्यांना फणसाचं पान द्या.

आता माती. अंगणातली तांबडी माती चालणार नाही. जांभ्याच्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगं जास्त, चिकटपणा कमी. ती रंगाला ठेवा: पाण्यात कालवून, वस्त्रगाळ करून ओलसर भांड्यावर लावली की भाजल्यावर सुंदर लाल येते. घडवायला भाताच्या खाचरातली माती घ्या, वरचा मुळांचा थर काढून हात-दीड हात खालची. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाला गुंडाळा. चिरली नाही तर माती चांगली. लिंबू पिळल्यावर फसफसली तर तीत चुना किंवा शिंपल्यांचा चुरा आहे, सोडून द्या. भाजताना शिंपल्याचा कळीचा चुना होतो, तो कोकणच्या दमट हवेत पाणी ओढून फुगतो आणि भाजलेल्या वस्तूचा टवका आठवड्याने उडतो. खाडीची माती हाताला लोण्यासारखी लागते, पण तीत मीठ असतं. सुकल्यावर पांढरा थर येतो, तो भाजल्यावरही जात नाही. शाडू घेऊ का, हेही विचाराल. गणपतीला तो उत्तम, पण तिथे मूर्ती भाजत नाहीत. भाजायच्या मातीत तो मिसळू नका. गावात कुंभार असेल तर त्याच्याकडून तयार माती घेणं सर्वांत शहाणपणाचं.

माती वाळवून, कुटून बादलीत दोन-तीन दिवस भिजवा, मच्छरदाणीच्या कापडातून गाळा, निवळलेलं पाणी काढा आणि गाळ चिऱ्यांवर पसरा. चिरा पाणी शोषतो. मग त्यात भाजलेल्या मातीचा रवा मिसळा. तो तुमच्या छपरावरच आहे. फुटलेलं मंगलोरी कौल ओलं करून कुटा, रव्याच्या चाळणीने चाळा, पाच वाट्या मातीला एक वाटी घाला. या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५मध्ये काढला. आजही जुन्या घराच्या मागे त्यांचा ढीग सापडतो. रवा आधीच भाजलेला असल्याने आकसत नाही, मातीतून वाफेला वाट मिळते आणि तडे कमी जातात. कुटताना नाकाला फडकं बांधा, वर्ग ओल्या फडक्याने पुसा. सुकी धूळ झाडू नका.

चाळीस मुलांना पंचवीस किलो ओली माती पुरते, प्रत्येकी अर्धा किलो आणि थोडी हाताशी. पहिली वस्तू सपाट फरशी: गोणपाटावर मातीचा गोळा, दोन्ही बाजूंना आठ मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या, वरून लाटणं. पट्ट्यांमुळे जाडी सगळीकडे सारखी राहते. त्यावर पावसाळ्यातला लिनोचा ठसा धुऊन, किंचित तेल लावून दाबा. कोरलेली रेघ आता उंच उठते. कागदावर जी पांढरी होती तीच बोटाला लागते, आणि ठसा म्हणजे काय हे मुलांना इथे खरं कळतं.

जोड द्यायचा तर दोन्ही बाजूंना चरे पाडा, चिखल लावा, दाबून हलवा. नुसतं पाणी लावून चिकटवलेले कान आणि मूठ सुकताना गळून पडतात. दीड सेंटीमीटरपेक्षा जाड काही ठेवू नका. हत्ती आतून पोकळ करा आणि पोटाला भोक ठेवा. मातीत हवा राहिली म्हणून भांडं फुटतं असं सगळे सांगतात, पण फोडते ती वाफ. जाड भाग आतून ओला राहतो, हे खरं कारण.

सुकवण सावलीत, पहिले तीन दिवस प्लास्टिकखाली, मग उघड्यावर आठ-दहा दिवस. कडेला पंख्याचा वारा लागला तर कडा आधी आकसते आणि फरशी बशीसारखी वाकते. दर दिवशी उलटवा. गालाला गार लागत नाही तेव्हा ती भाजायला तयार झाली.

भाजायला कुंभाराच्या आव्यात (भट्टीत) जागा मिळाली तर प्रश्न मिटला. नसेल तर भुशाची भट्टी करा. पक्क्या विटा, चुना-सिमेंट न लावता, आत दोन फूट बाय दोन फूट, अडीच फूट उंच. चिरे वापरू नका, ते ओल धरतात आणि तापल्यावर तडकतात. वखारीतला साध्या लाकडाचा भुसा आधी उन्हात वाळवा. प्लायवुडचा नको, त्याच्या गोंदाचा धूर वाईट. तळाला अर्धा फूट भुसा, मग वस्तू एकमेकींपासून दोन इंचांवर, भिंतीपासून चार इंचांवर, पोकळ वस्तूंच्या आतही भुसा. वर पुन्हा अर्धा फूट, त्यावर चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) आणि सोडणं (नारळाची सालं) पेटवा. सगळा पृष्ठभाग लाल झाला की पत्रा टाका, फट ठेवून. भट्टी वरून खाली दिवसभर धुमसते. पूर्ण निवल्याशिवाय पत्रा उचलू नका, थंड वारा लागला की टिचतं. मुलं दहा-बारा फुटांवर, पाण्याच्या दोन बादल्या जवळ, आणि भट्टी सड्यावर नको. जानेवारीतलं गवत एका ठिणगीला पेटतं.

वस्तू काळ्या-करड्या निघतात, ती चूक नाही, कोंडलेल्या धुराचा रंग आहे. एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. विरघळला तर आच सहाशे अंशांपर्यंत पोचलीच नाही. मग पुढच्या वेळी शेणी (गोवऱ्या) आणि भाताचं तूस वापरून उघडं भाजा. करवंट्या शेवटीच टाका, त्यांची आच एकदम चढते. ही भांडी पाणी झिरपवतात. पाणी प्यायला किंवा जेवायला देऊ नका आणि वरून चमक यावी म्हणून ऑइल पेंट फासू नका.

उरलेल्या मातीतून प्रत्येक मुलाकडून अंगठ्याएवढा एक शिक्का करून घ्या आणि याच भट्टीत भाजा. भाजलेली माती शाई पिते, म्हणून पहिले दोन-तीन ठसे फिकट येतील, नंतर जमेल. जूनमध्ये पाचवीच्या नव्या मुलांना पहिला छाप या शिक्क्यांनी द्या. कागदाखाली वर्तमानपत्राच्या आठ घड्या ठेवा, नाहीतर कडक शिक्का सगळीकडे टेकत नाही.