कोऱ्या कागदावरून रेसर बनवायचाय? मग पंख राहू दे, आधी इंजिनाचं बोलू

तुझा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या अनलिमिटेड गटाच्या (पिस्टन इंजिन हवं, बाकी जवळपास मोकळीक) विमान शर्यतीत अजूनही मस्टँग, बेअरकॅट, सी फ्युरी अशी १९४० च्या दशकातली लढाऊ विमानंच जिंकतात. आज हाताशी कार्बन फायबर आहे, सीएफडी (हवेच्या प्रवाहाचं संगणकी गणित) आहे, गाड्यांची टर्बो इंजिनं आहेत. मग कुणी कोऱ्या कागदावरून नवं विमान का बनवत नाही? तू शेवटच्या वर्षाला आहेस म्हणतोस, म्हणजे माझ्या मुलापेक्षा लहान. अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

बनवत नाही असं नाही. बनवलं, आणि चांगल्या जाणत्या लोकांनी बनवलं. त्यातल्या दोन विमानांची हकिगत सांगतो. पण आधी थोडं गणित, नाहीतर ती हकिगत नुसती गोष्ट म्हणून वाचशील.

वेग वाढवायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. ताशी ४५० मैलांवरून ५०० वर जायचं म्हणजे वेगात फक्त ११ टक्के वाढ, पण शक्ती सदतीसेक टक्के जास्त. ४५० ला ३००० अश्वशक्ती लागत असेल तर ५०० ला ४१०० लागणार. किंवा हवेचा रोध तेवढा कमी करायचा. तुझ्यासारखी मुलं इथे लगेच रोधाकडे वळतात, कारण तो संगणकावर छान रंगीत दिसतो. मीही वळलो असतो.

आता ही शक्ती हवेला देणारा पंखा घे. मस्टँगचा प्रोपेलर साधारण ३.४ मीटर व्यासाचा. मर्लिन इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं आणि ०.४७९ च्या गिअरमधून पंखा १४३७ फेरे. ताशी ५०० मैल वेगात पात्याच्या टोकाचा एकूण वेग काढून बघ: सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास येतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाशी गाठ. शर्यतीत इंजिन ३४०० फेऱ्यांवर नेलं की टोकं ध्वनीच्या पुढे जातात, आणि जादा शक्तीतला बराच भाग नुसता आवाज करण्यात जातो. म्हणून शर्यतवाले मर्लिनला ०.४२ चा गिअर असलेला पुढचा भाग लावतात. तेवढ्यानं ३४०० वरही पंखा जुन्याच फेऱ्यांवर राहतो. असा भाग मिळतो, कारण युद्धानंतरच्या प्रवासी विमानांच्या मर्लिनना तो होता. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

इंजिन. मूळ मस्टँगचं मर्लिन २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं, उड्डाणाच्या वेळी ६१ इंच मॅनिफोल्ड प्रेशरवर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचांत) साधारण १५०० अश्वशक्ती देणारं. शर्यतीत तेच १४० इंचांच्या आसपास नेतात आणि ३००० च्या वर अश्वशक्ती काढतात. म्हणजे ज्यांनी ते बनवलं त्यांच्या हिशोबाच्या दुप्पट. ते टिकावं म्हणून त्यात अ‍ॅलिसन इंजिनाचे जाड कनेक्टिंग रॉड बसवतात. आणि नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका, होऊ नये म्हणून हवेच्या वाटेत पाणी आणि मिथेनॉल निम्मं निम्मं फवारतात. हे फवारणं ऐन वेळी बंद पडलं, तर पायलटच्या हातात मोजून काही सेकंद असतात. त्यात थ्रॉटल मागे घेतली नाही तर पिस्टन वितळतात.

मी सॅक्रामेंटोला नोकरीला असताना सात-आठ सप्टेंबर रीनोला घालवले, नेवाडातल्या ज्या गावी ही शर्यत दरवर्षी व्हायची तिथे. घरून सिएराचा घाट चढून अडीच तास. शर्यत बघायला लोक स्टँडमध्ये बसायचे, मी पिटमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या जागी, घुटमळायचो. तिथे प्रत्येक फेरीनंतर पहिलं काम एकच: तेलाचा फिल्टर काढायचा, कापायचा, आणि घडी उलगडून त्यात धातूची चमकी दिसते का ते बघायचं. चमकी दिसली की सगळ्यांचे चेहरे पडायचे आणि रात्रभर इंजिन उतरवण्याचं काम. जगात दीड लाखाच्या आसपास मर्लिन बनली, म्हणून ही चैन परवडत होती. आता तेही साठे आटलेत.

आता खरा मुद्दा. ३५०० अश्वशक्तीचं इंजिन नुसत्या शीतक पाण्याला माझ्या अंदाजाने नऊशे किलोवॉट उष्णता देतं. ती टाकायची कुठे? रेडिएटर मोठा केला तर त्याच्या रोधातच कमावलेली शक्ती जाते, नाकापेक्षा मोती जड. मस्टँगच्या पोटाखालचा तो डबा हुशारीने बनवलेला आहे, तापलेली हवा मागून जोरात सोडून रोधाची बरीच भरपाई करतो. तरी शर्यतीत तो पुरत नाही, म्हणून रेडिएटरवर पाण्याचे फवारे मारतात.

याहून धीट उपाय म्हणजे रेडिएटरच काढून टाकायचा आणि पाणी उकळून वाफ बाहेर सोडायची. गावाकडच्या जुन्या पिठाच्या गिरणीचं डिझेल इंजिन आठवतंय? शेजारी पाण्याचा हौद, पाणी तापायचं, वाफ जायची, गिरणीवाला वरून बादली ओतायचा. तत्त्व तेच. एक किलो पाणी थंडपासून वाफ होईपर्यंत साधारण २.६ मेगाज्यूल उष्णता घेतं, म्हणजे नऊशे किलोवॉटला मिनिटाला वीसेक लिटर पाणी. शर्यत आठ-दहा मिनिटांची. दोनशे लिटर घेऊन उडायचं आणि रिकामं उतरायचं. वजन वाढतं, पण पोटाखालचा डबा जातो. हा सौदा प्रत्येक जण वेगळा करतो, आणि विमानाचा आकार या सौद्यातून ठरतो. आकार आधी आणि उष्णता मग, असं केलंस की फसलास.

त्या दोन विमानांकडे येतो.

पहिलं त्सुनामी. लॉकहीडचे इंजिनियर ब्रूस बोलंड यांनी आखलं, पैसा जॉन सँडबर्ग यांचा, ज्यांचा स्वतःचा धंदाच इंजिनं दुरुस्त करण्याचा. १९७९ च्या सुमारास काम सुरू झालं, उडालं १९८६ मध्ये. इंजिन मर्लिनच, पण भोवतीचं विमान नवं. पंखांची लांबी मस्टँगपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी. सामानसुमान, तोफा, लांब पल्ल्याच्या टाक्या यांचं ओझं वाहायला बनलेलं शरीरच नाही. मला विचारशील तर अनलिमिटेड गटात बनलेलं सगळ्यात शहाणं विमान हेच, कारण त्यांनी नवेपणा एकाच जागी घेतला, सांगाड्यात. गिअर, रॉड, पाण्याचे फवारे, सगळं मस्टँगवाल्यांनी आधीच जाळून-मोडून शिकलेलं होतं. तरीही त्याला रीनोचं सुवर्णपद कधी मिळालं नाही. पुढच्या रांगेत मात्र पोचलं होतं. १९९१ च्या शर्यतीनंतर घरी परतताना साउथ डकोटातल्या पिअर इथे उतरायच्या बेतात असताना ते कोसळलं, सँडबर्ग गेले. एकच विमान होतं. मस्टँग मोडलं तर दुसऱ्या मस्टँगवर तेच सामान चढतं. इथे तो मार्गच नव्हता.

दुसरं पाँड रेसर. हे तुझ्या मनातल्या कल्पनेच्या सगळ्यात जवळचं. बॉब पाँड हे जुन्या लढाऊ विमानांचे संग्राहक. ही दुर्मीळ विमानं शर्यतीत खपू नयेत म्हणून त्यांनी विमानांचे नामांकित आखणीकार बर्ट रुटान यांच्याकडून कॅलिफोर्नियातल्या मोहावीला नवं विमान करून घेतलं. दोन लांब बूम (शेपटीपर्यंत जाणारे नळकांडे), दोन इंजिनं, मागे मधोमध पायलट, सगळं कंपोझिट, म्हणजे कार्बन फायबरसारख्या साहित्याचं. इंजिनं निसानची व्ही-सिक्स, तीन लिटरची, टर्बो, मिथेनॉलवर चालणारी. उद्दिष्ट प्रत्येकी हजार अश्वशक्ती.

भागाकार कर. लिटरमागे ३३३ अश्वशक्ती. शर्यतीतलं पिळून काढलेलं मर्लिनही लिटरमागे १३० च्या आसपास थांबतं. "पण त्याच इंजिनाच्या गाड्या रस्त्यावरच्या शर्यतीत जिंकल्या," असं तू म्हणशील. जिंकल्या. पण गाडी वळणावर पाय उचलते. दर लॅपला इंजिनाला दहा वेळा श्वास मिळतो. विमानाला वळणावर उलट जास्त जोर लागतो: तीन-चार जी मध्ये (वजनाच्या तिप्पट-चौपट जोर) पंखांची उचल तिप्पट-चौपट, आणि त्या उचलीमुळे येणारा रोध तिच्या वर्गाच्या पटीत. थ्रॉटल सुरुवातीला पुढे गेली की शेवटपर्यंत तिथेच. पाँड रेसरच्या इंजिनांनी ठरवलेली शक्ती कधी दिलीच नाही. १९९३ मध्ये रीनोलाच इंजिनाच्या बिघाडानंतर पोटावर उतरवताना रिक ब्रिकर्ट हे पायलट गेले.

गाडीच्या इंजिनाचा आणखी एक त्रास गिअरबॉक्समध्ये असतो. आठ हजार फेऱ्यांवरून दोन हजारांच्या खाली आणायचे, आणि पलीकडे पंख्याचं प्रचंड जडत्व. प्रत्येक सिलिंडरचा धक्का शाफ्टला पीळ देतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीत आमच्याकडच्या एका कॉम्प्रेसरचं कपलिंग दर दोन-तीन महिन्यांनी तुटायचं. पुरवठादाराला शिव्या घातल्या, अलाइनमेंट चार वेळा केलं, कपलिंग जाड केलं. शेवटी टॉर्शनल, म्हणजे शाफ्टच्या पिळाचं, गणित केलं तेव्हा कळलं की आम्ही रोज बरोबर पिळाच्या नैसर्गिक वारंवारतेवर मशीन चालवत होतो. जाड कपलिंगने ते आणखी बिघडलं होतं. जमिनीवर होतं म्हणून नुसतं बिल आलं.

सांगाड्याबद्दल मी कमी बोललो, कारण तुला ते येतं. पण एक. २०११ मध्ये रीनोला गॅलपिंग घोस्ट नावाचं मस्टँग पडलं, पायलट जिमी लीवर्ड आणि दहा प्रेक्षक गेले. त्याचा पोटाखालचा डबा काढून वाफेचं शीतकरण बसवलं होतं, पण कारण ते नव्हतं. शेपटीवरच्या छोट्या ट्रिम टॅबचे (विमानाचा तोल साधणारी हलती पट्टी) स्क्रू सैल होते, नट पुन्हा वापरलेले. टॅब फडफडली, तुटली, विमान १७ जी ने वर उसळलं आणि पायलट बेशुद्ध. एवढं मोठं बदललेलं विमान त्या वेगाला फडफडीसाठी तपासलेलंच नव्हतं. कंपोझिट म्हटल्याने यातून सुटका होत नाही.

नवं काही चालतच नाही असंही नाही. जॉन शार्प यांच्या नेमेसिस एनएक्सटीने लायकमिंगच्या सहा सिलिंडर इंजिनावर ताशी ४०० मैल ओलांडले. तो स्पोर्ट गट, म्हणजे हौशींनी बांधलेल्या लहान विमानांचा, पण इंजिन विमानाचं, थेट पंख्याला जोडलेलं, गिअर नाही. उलट टोकाला रेअर बेअर: बेअरकॅटच्या नाकात राइटचं ५५ लिटरचं ३३५० इंजिन कोंबून लाइल शेल्टन यांनी १९८९ मध्ये ५२८ मैल गाठले. २०१७ मध्ये वूडू या मस्टँगने ५३१. अठ्ठावीस वर्षांत तीन मैल. घनाचा नियम काय करतो ते यात दिसेल.

रीनोची शेवटची शर्यत २०२३ मध्ये झाली, मुक्काम न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला हलला. प्रोजेक्ट म्हणून करायचंच असेल तर विमान काढू नकोस. एक इंजिन निवड, त्याची पाणी, तेल आणि दाबलेली हवा अशी तिन्हींची उष्णता वेगवेगळी मांड, आणि ती दहा मिनिटं कुठे टाकणार ते एका कागदावर लिही. रेडिएटर, फवारा, वाफ, तिन्ही पर्यायांचं वजन आणि रोध समोरासमोर. तो कागद इथे टाक. त्यानंतर पंखांवर बोलू.