पाळलेला शब्द

यावल-चोपडा भागातील अंगणवाड्यांमध्ये पालकांशी बोलताना एक काळजी मला सतत ऐकू येते : "पोरगं एका जागी बसत नाही, दुसऱ्याच्या हातातलं हिसकावतं, हे काय शिकणार?" केळीच्या बागेत मजुरीला जाणारी एक आई हेच विचारायला आली, तेव्हा तिचा चार वर्षांचा मुलगा शेजारी बसून तिच्या पदराची गाठ सोडत होता. "तू कसा आहेस रे?" असे मी त्याला विचारले. मान वर न करता तो म्हणाला, "वांड." हा शब्द त्याने रोज ऐकला होता आणि आता स्वतःचे नाव असावे तसा सांगितला.

"घरी खाऊ आला की काय होतं?"

"चार पोरं आहेत ताई. जो आधी उचलेल त्याचा."

"आणि 'संध्याकाळी आणते' म्हणता तेव्हा?"

ती बराच वेळ गप्प राहिली. "मजुरी हातात पडली तर आणते."

माझ्या दृष्टीने सगळी गुरुकिल्ली या उत्तरात होती. थांबणाऱ्याला काही मिळत नाही, हे त्या मुलाने अनुभवातून अचूक ताडले होते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात 3 ते 5 वर्षांच्या 28 मुलांपैकी ज्यांना दिलेला शब्द मोठ्यांनी आधी पाळला होता, ती, समोरची मिठाई लगेच न खाल्ल्यास मिळणाऱ्या दुसऱ्या मिठाईसाठी, सरासरी 12 मिनिटे थांबली. ज्यांना दिलेला शब्द मोडला होता, ती जेमतेम 3. म्हणूनच संयम हा मुलाचा उपजत गुण मानण्याआधी, त्याला दिलेल्या शब्दांचे काय झाले हे मी विचारते.

तिला मी एवढेच सांगितले की, जे नक्की देता येईल तेच कबूल करा, आणि त्याला पैसा लागत नाही : "भाकरी झाल्या की मांडीवर घेईन," असे म्हणा आणि घ्याच. तो थांबला तर "तू थांबलास" हे त्याला ऐकू येईल असे बोला. 'वांड' हा शब्द घरातून काढा. सेविकाताईंना मी विनंती केली की, त्याला अहिराणीत बोलू द्यावे, कारण या वयाचे मूल स्वतःशी बोलत स्वतःला आवरायला शिकते, आणि ते बोलणे घरच्याच भाषेत सुचते.

सातव्या आठवड्यात तो झोक्याचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता आणि पुटपुटत होता : "मना नंबर येई, मना नंबर येई." इतक्या वर्षांच्या कामात मला याहून मोठी पावती मिळालेली नाही.

पुढच्या भेटीत आई म्हणाली, "काल चुलीपाशी बसून राहिला, ताई. मीच दोन भाकरी कमी थापल्या."