वाचकांचे प्रश्न : सेन्सर, पंप आणि मुलीची शुगर

प्रश्न : ताई, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला टाइप १ मधुमेह आहे आणि दंडावर शुगर सतत मोजणारा सेन्सर लावलेला असतो. परवा रात्री अलार्म वाजला, शुगर ५८. तिला उठवून ग्लुकोजची पावडर पाण्यातून दिली. वीस मिनिटांनीही सेन्सर ६१ च दाखवत होता, म्हणून घाबरून पुन्हा दिली. मग बोट टोचलं तर मीटरवर १०४! पहाटेपर्यंत शुगर २८० वर गेली. अशा सेन्सरवर विश्वास कसा ठेवायचा? डॉक्टर आता पंप घ्या म्हणताहेत. पंप लावला की सगळं आपोआप होईल ना? आणि अजून एक. शाळेतून आल्या आल्या मी तिला शुगर विचारते, तर ती माझ्यावर चिडते. काय करू?
— एक आई

उत्तर : त्या रात्री तुमचा सेन्सर बिघडलेला नव्हता, तो जरा मागचं सांगत होता. सेन्सरची केसासारखी बारीक तार रक्तवाहिनीत नसते. ती कातडीखाली, पेशींच्या मधल्या द्रवात असते. साखर आधी रक्तात वाढते, मग त्या द्रवात झिरपते. या दोन्हींत साधारण पाच ते पंधरा मिनिटांचं अंतर पडतं. शुगर स्थिर असते तेव्हा ते कळतही नाही; झपाट्याने चढताना किंवा उतरताना मात्र सेन्सर आणि मीटर यांची फारकत होते. शुगर लो झाल्यावर साखर दिली की हे अंतर सगळ्यात जास्त छळतं, कारण रक्तातली शुगर सावरलेली असते आणि पडद्यावर अजून लालच दिसत असतं. म्हणून नियम धरा : साखर दिली, पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग बोट टोचून बघायचं. दुसरा डोस द्यायचा की नाही हे मीटर ठरवेल. एका वेळी किती ग्रॅम द्यायचं ते मुलीच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मोठ्यांसाठी १५ ग्रॅम धरतात, मुलांना कधी कधी त्याहून कमी पुरतं.

मुलगी सेन्सरच्या बाजूच्या कुशीवर झोपली होती का, हेही आठवून बघा. दंड अंगाखाली दाबला गेला की सेन्सरभोवतीचा द्रव हलत नाही आणि शुगर उतरलेली नसतानाही खाली दिसते. असा खोटा लो आलेखावर ओळखू येतो. रेषा सरळ चाललेली असते, एकदम दरीत पडते आणि कूस बदलली की तितक्याच झटक्यात वर येते. खरी शुगर सहसा उतार धरून खाली येते. शंका आली की आधी बोट टोचा. पण मूल घामाघूम असेल, थरथरत असेल, नीट बोलत नसेल, तर मीटर शोधत बसू नका, आधी साखर द्या. ते शुद्धीवर नसेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. डॉक्टरांनी शिकवलं असेल तर ग्लुकागॉन (शुगर वाढवणारं औषध) द्या आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवा.

खरं तर मला तुम्हाला आकड्यापेक्षा बाण बघायला शिकवायचंय. १०० आणि आडवा बाण म्हणजे निवांत झोपा. १०० आणि सरळ खाली बाण म्हणजे बऱ्याच सेन्सरवर शुगर मिनिटाला दोनपेक्षा जास्त वेगाने घसरतेय. वीस मिनिटांत ६० वर येईल. आकडा तोच, पण करायचं ते अगदी उलट. बोट टोचून हे कधीच कळलं नसतं. मी शाळेत असताना हा आजार झाला, तेव्हा दोन चाचण्यांच्या मधे काय घडतं हे कुणालाच दिसत नव्हतं. म्हणून मला सेन्सरचं मोल फार वाटतं.

आता पंप, म्हणजे नळीवाटे कातडीखाली दिवसभर इन्शुलिन सोडणारं यंत्र. मी स्वतः पंप वापरते आणि तो मला कुणी काढून घेऊ नये असं वाटतं. तुमच्या मुलीच्या वयात तर त्याचा खास फायदा आहे. वाढीच्या वयात पहाटे शरीरातली काही हार्मोन्स शुगर वर ढकलतात. एकदा टोचलेलं लांब पल्ल्याचं इन्शुलिन पहाटे तेवढं वाढवता येत नाही. पंपावर पहाटेचा बेसल, म्हणजे दिवसभर थेंब-थेंब जाणाऱ्या इन्शुलिनचा वेग, वेगळा लावता येतो. इन्शुलिनचं पेन अर्ध्या किंवा एका युनिटच्या टप्प्याने चालतं, तर बरेच पंप ०.०५ युनिटपर्यंत बारीक डोस देतात. सेन्सरशी जोडलेला पंप शुगर उतरताना इन्शुलिन स्वतःहून थांबवतो, चढताना वाढवतो. असा पहिला पंप अमेरिकेत २०१६ मध्ये मान्य झाला.

पण ‘सगळं आपोआप’ होत नाही. जेवणात किती कर्बोदकं आहेत हे पंपाला सांगावं लागतं आणि शक्यतो जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं बोलस, म्हणजे इन्शुलिनचा एकरकमी डोस, द्यावा लागतो. ते चुकलं तर पंप कितीही हुशार असो, तो धापा टाकत मागून पळतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पंप लावण्याआधी शिकून घ्या, माझी कळकळीची विनंती समजा. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्शुलिन असतं. शरीरात लांब पल्ल्याचा साठा नसतो. नळी तुंबली, कॅन्युला (कातडीखाली जाणारी मऊ नळी) वाकली, पट्टी सुटली, तर काही तासांतच शरीर इन्शुलिनविना राहतं आणि कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढायला लागतात. पंप तुंबल्याचा अलार्म देतो, पण बेसल इतका थेंब-थेंब जातो की नळीत दाब वाढायला वेळ लागतो. तोवर शुगर चढलेली असते. इन्शुलिन कातडीबाहेर गळत असेल तर अलार्म वाजतच नाही. तेव्हा नाकाचा उपयोग करा. इन्शुलिनला दवाखान्यासारखा एक उग्र वास असतो, त्यातल्या प्रिझर्व्हेटिव्हचा. पट्टीजवळ तो वास आला किंवा पट्टी ओलसर लागली, की सेट (नळी, कॅन्युला आणि पट्टी) बदला. मी काढलेल्या सेटची ती मऊ नळी कितीदा तरी टोकाशी काटकोनात दुमडलेली पाहिली आहे. वरून पट्टी मात्र अगदी नीट दिसत होती.

शुगर २५० च्या वर आहे आणि बोलस देऊनही दोनेक तासांत उतरत नाही, असं झालं की कीटोन तपासा. रक्तातले कीटोन ०.६ च्या खाली असले तर ठीक. ते वाढलेले असतील तर पुढचा डोस पंपातून नको, पेनने किंवा सिरिंजने द्या, नवा सेट लावा आणि पाणी पाजत राहा. १.५ च्या वर गेले तर लगेच डॉक्टरांना फोन. ३ च्या वर किंवा उलट्या होत असतील तर थेट रुग्णालय. म्हणजे पंप आला तरी पेन दप्तरातून बाहेर काढायचं नाही. सेट दोन-तीन दिवसांनी बदलायचाच, आणि तो झोपायच्या वेळी बदलू नका. नवा सेट नीट चाललाय हे दोन-तीन तास जागेपणी बघता आलं पाहिजे.

राहिला मुलीचा राग. तिची बाजू मला जवळून माहीत आहे. घरात पाय टाकताच आकडा विचारला की तो गुणपत्रिकेतल्या मार्कांसारखा वाटायला लागतो आणि मूल कमी मार्क लपवायला शिकतं. सेन्सरचा आकडा तुमच्या मोबाईलवर तसाही दिसतो, मग विचारायचं कशाला? मुलीशी बसून ठरवा : ७० च्या खाली किंवा २५० च्या वर बराच वेळ राहिली तरच तुम्ही बोलणार, एरवी ती सांगेल तेव्हा. दिवसभराचा आलेख आठवड्यातून एकदा दोघींनी मिळून बघा आणि त्यात ‘का केलंस’ हा प्रश्न नको. आणि हे तिलाही वाचून दाखवा : २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी जे लक्ष्य ठरवलं, त्यात ७० ते १८० मध्ये दिवसाचा ७० टक्के वेळ, म्हणजे सुमारे १७ तास राहिलं तरी उत्तम मानलं आहे. उरलेल्या वेळात शुगर वर-खाली होणार हे तज्ज्ञांनीच धरलंय. फक्त ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांपेक्षा कमी राहावा, म्हणजे तासाभराच्या आत.

प्रश्न : पोटावर एकाच जागी सेट लावला की दुखत नाही, म्हणून मी तीच जागा वापरतो. आता तिथे गाठ आली आहे आणि शुगर कशीही वागते.

उत्तर : दुखत नाही याचं कारण ती गाठच आहे. तिथल्या चरबीची गादी झालेली असते आणि तिच्यातून इन्शुलिन कधी हळू शोषलं जातं, कधी अचानक. त्या जागेला काही महिने पूर्ण विश्रांती द्या. पण आधी डॉक्टरांशी बोला : निरोगी जागेवर तोच डोस जास्त लागू पडतो आणि लो होऊ शकतो, त्यामुळे पहिल्या दिवसांत डोस कमी करावा लागेल.

प्रश्न : माझा एमआरआय ठरला आहे. पंप अंगावर चालेल का?

उत्तर : नाही. पंप चुंबकाच्या खोलीत न्यायचाच नाही. धातूची सुई असलेला सेटही काढावा लागतो. सेन्सरचं त्याच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे. काही काढावेच लागतात, म्हणून तपासणी सेन्सर संपायच्या दिवशी घेता आली तर घ्या. पंप तासाभर बाजूला ठेवला तर सहसा चालतं. त्याहून वेळ लागणार असेल तर मधे किती इन्शुलिन टोचायचं ते आधीच विचारून ठेवा. बाहेर आल्यावर पंप जोडा आणि आधी बोट टोचून शुगर बघा.