स्लाइड खडखडते आहे? नवी गिटार घेण्याआधी तारांची उंची मोजा

तुम्ही लिहिले आहे की ओपन जी (मोकळ्या तारा छेडताच जी मेजर कॉर्ड वाजते असे ट्यूनिंग) लावल्यावर काचेची स्लाइड (बोटात घालून तारांवर सरकवायची नळी) पहिल्या पाच-सहा फ्रेटवर (धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडते, जाड तारा झणझणतात, आणि दुकानदाराने नेक (गिटारची मान) वाकल्याचे सांगून नवी गिटार घेण्याचा सल्ला दिला आहे. हे वाचून राहवले नाही, कारण हेच निदान मलाही एकदा ऐकवले गेले होते आणि ते साफ चुकीचे होते. कृपया इतक्यात पैसे खर्च करू नका. (मी पुढे सांगतो ते स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारपुरतेच आहे. नायलॉनच्या तारांच्या गिटारला स्टीलच्या तारा चढवून स्लाइडचा प्रयोग मात्र करू नये. तिचा ब्रिज (पोटावरची, तारा अडकवायची पट्टी) तेवढ्या ताणासाठी बनवलेला नसतो आणि तो उखडू शकतो.)

आपल्याकडे सेटअप म्हटले की तारा फ्रेटच्या जितक्या जवळ आणता येतील तितक्या आणून द्यायच्या, असा समज आहे. बोटाने वाजवणाऱ्याला त्यात सुख आहे. स्लाइडला याच्या नेमके उलटे हवे असते. स्लाइड तारेवर टेकवायची असते, दाबायची नसते, आणि तार खाली असली की स्लाइडच्या वजनानेच ती फ्रेटला लागते. मी ज्या दुकानात गिटार दिली तेथे ती स्लाइडसाठी हवी आहे असे स्पष्ट सांगितले होते. तरीही तेथे मला न विचारता नटच्या (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा कानशीने खोल करण्यात आल्या, सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकणारी पट्टी) खालून घासण्यात आले आणि पावतीवर ‘फुल सेटअप’ एवढेच लिहून पैसे घेण्यात आले. खडखडाटाची तक्रार घेऊन परत गेलो, तर आधी फ्रेट घासावे लागतील असे सांगितले, मग नेकच वाकली आहे असे सांगितले, आणि शेवटी भिंतीवरची नवी गिटार काढून हातात दिली. घासलेले सॅडल पुन्हा उंच होत नाही. ज्याला एखादे काम ठाऊक नाही त्याने तसे सांगण्यात कसलाही कमीपणा नाही. पण ठाऊक नसताना गिऱ्हाइकाच्या वाद्यावर कानस चालवणे मला आजही अक्षम्य वाटते.

अखेर मी मिरजेला तंबोरे बनवणाऱ्या एका कारागिरांकडे गेलो. ज्यांचा जन्म जवारी काढण्यात (तंबोऱ्याची घोडी घासून तारेचा नाद जुळवण्यात) गेला त्यांना तारेच्या उंचीचे महत्त्व समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी गिटार डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून नेक पाहिली, पहिल्या फ्रेटवर तारेखालून कागदाचा कपटा सरकवून पाहिला आणि तो अडकताच मान हलवली. नेक ठीक होती. हाडाचा नवा नट आणि नवे सॅडल बसवल्यावर खडखडाट थांबला, आणि त्याचा खर्च त्या ‘फुल सेटअप’पेक्षा कमी आला.

तेव्हा आधी स्टीलची पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंतचे अंतर मोजा. बोटांसाठी सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेखाली साधारण २.५ मिमी पुरतात. स्लाइडसाठी माझ्या मते ३ ते ३.५ मिमी हवेत आणि पहिल्या तारेखाली २.५ मिमी. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी वाढवायचा असेल तर सॅडल एक मिमी उंच लागते, हे कारागिराला आवर्जून सांगा. मात्र तुमचा खडखडाट पहिल्या पाच-सहा फ्रेटपाशी आहे, म्हणून माझा पहिला संशय नटवर आहे.

झणझणीचे कारण वेगळे आहे. ओपन जीमध्ये सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरते, एकूण ताण घटतो, आणि ट्रस रॉड (नेकच्या आतला धातूचा दांडा) नेकला किंचित मागे खेचतो. त्यावर आधी ०.०१३ इंचापासून सुरू होणारा जाड तारांचा संच लावावा. तरीही झणझण राहिली तरच ट्रस रॉड पाव फेरा सैल करून, एक दिवस थांबून, पुन्हा पाहावे.

ट्यूनिंगबद्दल माझे मत थोडे आग्रही आहे. जाड तारेकडून मोजल्यास ओपन जी म्हणजे प सा प सा ग प, आणि ओपन डी म्हणजे सा प सा ग प सा. नवशिक्याने ओपन डी घ्यावे, कारण वर-खाली दोन्हीकडे षड्ज हाताशी राहतो. अमेरिकन ब्लूज स्लाइड-गिटारवादक एल्मोर जेम्स यांच्या वादनाचा पायाही हेच ट्यूनिंग आहे. ओपन ईमध्ये स्वरांची हीच रचना असली तरी तीन तारा वर चढवाव्या लागतात, तेव्हा जाड संचावर तो ताण देण्यापेक्षा ओपन डी लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा) लावावा.

आणखी एक गोष्ट ट्यूनर सांगत नाही. त्याचा गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. ओपन डीमध्ये तिसरी तार तंबोऱ्याच्या साथीने किंचित उतरवून पाहा, सगळ्या तारा एकत्र छेडल्यावर येणारी थरथर शांत होते. ओपन जीमध्ये हेच दुसऱ्या तारेबाबत करावे.

वाजवताना स्लाइड फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर असावी. बोटासारखी तिच्या मागे नव्हे. बसल्या जागेवरून तिरके पाहिले की जागा फसते, म्हणून नजरेपेक्षा कानावर विसंबावे. करंगळीत स्लाइड घालून उरलेली बोटे तिच्या मागे तारांवर अलगद टेकवली नाहीत, तर मागचा तारेचा तुकडाही वाजत राहतो, आणि उंची कितीही नीट केली तरी तो गोंगाट जाणार नाही.

गिटारवर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत वाजवणारे पंडित ब्रिजभूषण काब्रा यांच्यासारखी गिटार आडवी ठेवून वाजवायची असेल, तर आहे त्या नटवर बसणारा धातूचा उंच नट मिळतो. तो तारा सैल करून काढता-घालता येतो आणि कशालाही कानस लागत नाही. तुमच्याकडे एकच गिटार असेल तर मी तोच सुचवीन.

पुन्हा दुकानात जाण्याची वेळ आलीच, तर ‘नट व सॅडल घासू नये, काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा’ असे पावतीवर लिहून घ्या. त्याआधी बाराव्या आणि पहिल्या फ्रेटवरची दोन्ही मापे व तारांचे गेज (जाडी) कळवा, म्हणजे नट बदलावा लागेल की नुसत्या जाड तारांवर भागेल, हे सांगता येईल.