फ्रेमचा धंदा नंतर, आधी आईची ठेव

म्हापशाहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. आजोबांनी १९७४ साली घराच्या पडवीत अ‍ॅसिटेटचे (एक प्रकारचं प्लास्टिक) पत्रे कापून हाताने चष्म्याच्या फ्रेम बनवायला सुरुवात केली. वडिलांनी काम वाढवलं, पण बाहेरून येणाऱ्या स्वस्त फ्रेमपुढे टिकाव लागेना म्हणून २०११ मध्ये बंद केलं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा ३४ वर्षांचा, वेर्ण्याला औषध कंपनीत, पगार ७८ हजार. आता आजोबांच्याच नावाने, त्यांचेच नमुने घेऊन तरुण गिऱ्हाइकांसाठी फ्रेम काढायच्या आहेत. प्रश्न एकच: नोकरी सोडून दुकान तारण ठेवून १८ लाखांचं कर्ज घेऊ का?

पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आहे. ‘आईची चिंता नाही, बँकेतल्या साहेबांनी गेल्या आठवड्यात तिची १४ लाखांची ठेव मोडून गॅरंटीड प्लॅन करून दिला आहे. वर्षाला ३ लाख भरायचे, आठ वर्षं. पंधराव्या वर्षी ३८ लाख.’

ते वाक्य वाचलं आणि कर्जाचा प्रश्न मी बाजूला ठेवला.

हा प्लॅन म्हणजे विम्याची पॉलिसी. तुमच्या आई ६३ वर्षांच्या आहेत. पैसे हातात येतील तेव्हा त्या ७८ च्या असतील. एकूण २४ लाख भरून पंधरा वर्षांनी ३८ लाख, याचा दर होतो वर्षाला जेमतेम चार टक्के. हेच हप्ते साडेसहा टक्क्यांच्या साध्या ठेवीत टाकले तर कर सोडून ५० लाख होतात. आणि २४ लाख आणणार कुठून? १४ लाख तर चार हप्त्यांत संपत येतील. पुढचे हप्ते तुम्ही भरणार, म्हणजे अजून सुरू न झालेल्या धंद्यातून. धंदा अडखळला की पॉलिसीही मोडणार, आणि मध्येच मोडली तर भरलेलंही पूर्ण परत येत नाही. त्या ठेवीचं व्याज, महिन्याला सात-आठ हजार, हाच आईंचा स्वतःचा पैसा होता. औषधं, चवथीचा खर्च, नातवंडांच्या हातावर ठेवायची नोट, सगळं त्यातूनच. ते व्याज आजपासून बंद. ६३ वर्षांच्या विधवा बाईला, उत्पन्नाची गरज असताना, आठ वर्षं हप्ते भरायची पॉलिसी ‘ठेवीसारखीच आहे’ म्हणून विकणं मला अजिबात पटत नाही. ठेव आणि विमा यांतला फरक विकणाऱ्याला नक्की माहीत असतो.

सुदैवाने वेळ गेलेली नाही. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, त्याला फ्री लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम कापून हप्ता परत मिळतो. म्हणून हे उत्तर छापायची वाट न बघता मी त्याच दिवशी तुम्हाला ईमेल केला. अर्ज विमा कंपनीकडे आईंच्या सहीने द्या आणि पोच घ्या. ‘थोडं थांबा, दुसरा चांगला प्लॅन देतो’ असं बँकेतून कोणी म्हणालं तर थांबू नका.

पैसे परत आले की १४ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्या ८.२ टक्के, म्हणजे दर तिमाहीला २८ हजारांहून थोडं जास्त, थेट आईंच्या खात्यात. या पैशाला धंद्याने हात लावायचा नाही, तात्पुरता सुद्धा.

आता फ्रेम. तुमचा अंदाज महिन्याला दीडशे फ्रेम, किंमत ३,५०० रुपये, पहिल्याच वर्षापासून. माल, पॉलिश, डबी धरून १,४०० खर्च तुम्हीच लिहिला आहे. चष्म्याच्या दुकानदाराला निम्मी किंमत दिलीत तर एका फ्रेममागे ३५० उरतात. दोन कारागिरांचा पगार ५० हजार, कर्जाचा हप्ता साडेदहा टक्क्यांनी सात वर्षं सुमारे ३० हजार. हे ८० हजार भागवायलाच २३० फ्रेम विकाव्या लागतील आणि तुमच्या हाती शून्य. थेट गिऱ्हाइकाला विकून पाठवणी आणि परतीचा खर्च काढला तर १,६०० उरतील, मग ५० फ्रेममध्ये तेच भागतं. पणजीच्या पर्यटकांवर मात्र भिस्त ठेवू नका. तीन दिवसांसाठी आलेला माणूस गॉगल घेईल, नंबरचा चष्मा करून घ्यायला थांबणार नाही.

म्हणून कर्ज नको आणि नोकरीही सोडू नका. तुमच्याकडचे तीन लाख काढा, चार नमुने, प्रत्येकी तीन रंग, एवढ्यावर वर्षभर थेट विका. नाव आधी ट्रेडमार्कच्या नवव्या वर्गात (चष्मे त्यातच येतात) नोंदवा, एका व्यक्तीसाठी ऑनलाइन फी ४,५०० रुपये. आजोबांचे जुने नमुने मात्र डिझाइन म्हणून नोंदवता येणार नाहीत, कारण ते केव्हाच बाजारात आले. ते उद्या कोणीही काढू शकेल. तुमचं स्वतःचं ते नाव आणि वडिलांबरोबर काम केलेले डिचोलीचे ते मिस्त्री, ज्यांचा तुम्ही एका ओळीत उल्लेख केला आहे. ते ६८ वर्षांचे आहेत. पहिला पगार त्यांना द्या, शिकवण्याचा. यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल.

राहिलं दुकान. ते अजून वडिलांच्या नावावर आहे, आणि तुम्ही लिहिता की ताई म्हणते, मला काही नको. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. म्हणजे अर्धं दुकान आईंचंच आहे, उरलेल्या अर्ध्यात तुम्ही आणि ताई समान. ताईंचं लग्नही याच कायद्याने झालं असेल तर भावोजींचीही सही लागेल, आणि तुमच्या पत्नीचीही. तोंडी ‘नको’ बँकेत चालत नाही. चवथीला सगळे घरी येतील तेव्हा आईंना मध्ये बसवून विचारा, आणि त्यांना मान्य असेल तरच वारसाच्या दस्तासाठी उपनिबंधक कार्यालयातल्या विशेष नोटरीकडे जा.