बाबांची कंबर, मेंदू अन् जागल

भाऊ, तुम्ही लिहिलं की सोयाबीनचं पोतं उचलताना बाबांची कंबर लचकली, त्याला आठ महिने झाले तरी दुखणं जात नाही. एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी थोडी झिजलेली, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, 'आता दुखणं डोक्यात आहे', अन् तेव्हापासून बाबा घुश्श्यात आहेत: 'म्हणजे मी सोंग करतो काय?'

मी बैलबंडीवरून पडलो अन् कंबर धरली होती तेव्हा मलाही हेच ऐकवलं गेलं होतं. डॉक्टर खोटं नाही बोलले, अर्धं बोलले.

बाबांना जागलीचं सांगा. एका रात्री डुकरं तुरीत घुसून नासधूस करून गेली की पुढं महिनाभर जागल करणारा माणूस पान हललं तरी डबा बडवतो. डुक्कर नसतं, पण डबा खराच वाजतो अन् झोपही खरीच मोडते. कंबरेची जखम बहुतेकदा काही आठवड्यांत भरते. मज्जारज्जू अन् मेंदू मात्र कधीकधी जागलीवरच राहतात. नुसतं वाकलं तरी त्यांना धोका वाटतो. तीन महिन्यांवर टिकलेल्या दुखण्याला म्हणूनच वेगळं धरतात.

मग सगळ्यांचंच का टिकत नाही? माझ्यासोबत पडलेला चुलतभाऊ पंधरवड्यात डवरणीला लागला होता, त्यामुळे हा प्रश्न मला फार छळायचा. अमेरिकेत शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आपकारियन या संशोधकांच्या चमूनं नुकती कंबर धरलेल्या ३९ जणांचे मेंदू वर्षभर पुन्हापुन्हा तपासले. २०१२ साली ते छापून आलं. ज्यांचं दुखणं पुढं टिकलं, त्यांच्या कपाळामागच्या भागाचा अन् न्यूक्लियस अकम्बन्स या आतल्या गाठीचा संवाद सुरुवातीपासूनच जास्त घट्ट होता. ही गाठ लाभ-तोटा, सवय, शिकणं यात गुंतलेली असते. त्याच चमूला पुढच्या वर्षी असंही दिसलं, की जुन्या दुखण्यात मेंदूतली हालचाल भावनांच्या भागांकडं सरकलेली असते. बाबा दुखण्यासोबत चिडचिडे झाले म्हणता, त्याचं मला म्हणून नवल वाटलं नाही.

गादीचं फार मनावर घेऊ नका. कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांतही शंभरात ऐंशी जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात.

मी अडीच महिने पट्टा बांधून खाटेवर काढले, ती माझी मोठी चूक. नंतर तालुक्याच्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी मापानं चालायला लावलं: आधी मारुतीच्या पारापर्यंत, चार दिवसांनी नाल्यापर्यंत, मग धुऱ्यापर्यंत. बरं वाटलं त्या दिवशीही ठरलेल्यापेक्षा पाऊलभर जास्त नाही. हेच जड जातं आपल्या लोकांना. एकदा बरं वाटलं म्हणून मी कापसाच्या दोन ओळी सलग वेचल्या अन् आठवडाभर निजून राहिलो. थोडं दुखलं तरी चालत राहायचं; थोडं दुखलं म्हणजे मोडलं असं नाही, एवढं पटायलाच मला वर्ष लागलं.

पण पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप असेल किंवा वजन उतरत असेल तरीही दाखवायला उशीर नको.

बाबा रात्री किती झोपतात, ते लिहा. तुमच्या प्रश्नात तेवढंच राहिलं.