मुलगी स्वतःला इजा करून घेते, थेरपीने फरक पडतो का?

हो पडतो, पण नुसतं ‘असं करू नको’ सांगणारं काउन्सेलिंग नको. टीनएजर्ससाठी सगळ्यात चांगला पुरावा डीबीटीचा (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी काढलेली थेरपी, त्यात मुलगी रोज डायरी कार्ड भरते की आज तसं करावंसं किती वाटलं, मग थेरपिस्ट तिच्यासोबत एकेक पायरी मागे जातो, आधी भांडण झालं, मग काय वाटलं, कुठे थांबता आलं असतं. आईवडिलांनाही स्किल्स ग्रुपमध्ये, म्हणजे भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणाऱ्या गटात, बसावं लागतं, आणि खरं सांगू का, तिथेच बरेच पालक कुरकुरतात. काही महिने लागतात. घरी रागावणं, रोज हात तपासणं बंद करा. मरणाचं बोलत असेल तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, एकटं सोडू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.